फलकावर न लिहिलेला शब्द

रायगडातल्या आमच्या तळा गावच्या नाक्यावर अलीकडे एक पद्धत पडली आहे. कुणाची मुलगी दहावीला पहिली आली, कुणी पोलीस भरतीत लागला, कुणी एमपीएससी काढली, की दुसऱ्या दिवशी एसटीच्या थांब्याजवळ फ्लेक्स लागतो. असाच एक फ्लेक्स माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीसाठी लागला होता. फोटो मोठा, पाठीमागे तळगड, खाली शुभेच्छुकांची नावे आणि मधोमध ठळक अक्षरे: 'वैज्ञानिक पुरस्कार मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. कोणत्या विज्ञानातला पुरस्कार, कशासाठी, ते कुठेच नव्हते. तिची आई पेढे घेऊन घरी आली तेव्हा मी विचारले. ती जरा थांबली आणि म्हणाली, "बाई, छापणाऱ्याने विचारलं होतं, विषय काय टाकू म्हणून. पण ते नाक्यावर कसं लिहायचं?"

'ते' म्हणजे प्रजननशास्त्र. मुलगी मुंबईत पीएचडी करत होती, बाळंतपणात बाळामागून पडणाऱ्या वारेवर. एका परिषदेत तरुण संशोधकांसाठी ठेवलेल्या सत्रात तिने दहा मिनिटे आपले काम मांडले होते आणि परीक्षकांनी तिला पहिले ठरवले होते. एवढी मोठी गोष्ट, आणि आईला ती बाजारात सांगता येईना.

या पुस्तकाची प्रस्तावना लिहायला बसले तेव्हा मला तो फ्लेक्स आठवला. प्रजननशास्त्रात नव्याने पाऊल टाकणाऱ्या संशोधकांना कोणते पुरस्कार मिळतात, ते कोण देते, आणि त्यांच्यामागे कसले काम असते, हे मराठीत समजावून सांगणारे लेख इथे एकत्र केले आहेत. मी शास्त्रज्ञ नाही. आयुष्यभर शाळेत जीवशास्त्र शिकवले, एवढाच माझा अधिकार. पण या विषयाबद्दल मला एक गोष्ट ठामपणे वाटते. या शास्त्रात काम करणाऱ्या माणसाचे नाव त्याच्या उमेदीच्या वर्षांत चारचौघांत घेतले गेले पाहिजे. इतर शास्त्रांत कौतुकाला उशीर झाला तर माणूस हिरमुसतो. इथे उशीर झाला तर तो एकटा पडतो, कारण त्याच्या कामाविषयी बोलायला घरचे, शेजारचे, कधी कधी सोबत काम करणारेही तयार नसतात.

हा गप्प बसण्याचा रोग जुना आहे. आमच्याच कोकणातल्या, दापोलीजवळच्या मुरूडच्या र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, तेव्हा देशात या विषयाचे नाव उघडपणे घेणारे जवळजवळ कुणी नव्हते. ते गणिताचे प्राध्यापक. या कामापायी १९२५ साली त्यांची विल्सन कॉलेजातली नोकरी गेली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते चालवले. अश्लीलतेचे खटले झाले, त्यांतल्या १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. त्यांना कुठला पुरस्कार मिळाल्याचे माझ्या वाचनात नाही. त्यांच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला, म्हणजे ज्यासाठी त्यांनी नोकरी घालवली ते सरकारी धोरण झाले. पण त्याचे श्रेय त्यांच्या पदरात हयातीत पडले नाही.

कर्वे प्रचारक होते, प्रयोगशाळेतले नव्हते. प्रयोगशाळा पुढे आली, तीही मुंबईतच. १९५४ मध्ये गर्भनिरोधकांची तपासणी करणारा एक लहान विभाग सुरू झाला. त्यातून आणि प्रजननाच्या शरीरक्रियाशास्त्राच्या दुसऱ्या एका विभागातून १९७० साली परळला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची प्रजनन संशोधन संस्था उभी राहिली. डॉ. शांता राव तिच्या पहिल्या संचालक. आज तिचे नाव बदलून राष्ट्रीय प्रजनन व बालआरोग्य संशोधन संस्था असे झाले आहे. केईएम रुग्णालय तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. तळ्या-माणगावचे चाकरमानी पिढ्यान् पिढ्या त्याच परळ-लालबागच्या चाळींतून राहिले, गिरणीत गेले, केईएममध्ये बाळंत झाले. शेजारच्या त्या इमारतीत काय चालते हे त्यांतल्या किती जणांना ठाऊक होते?

तिथे आणि देशातल्या अशा इतर ठिकाणी जे चालते, त्यातला एक तुकडा मी जवळून ऐकला आहे, तो सांगते.

आपल्याकडे वार पडली की सुईण ती परसात खड्डा करून पुरायची. त्या वारेला कुणी निरखून पाहिले नाही. पूर्ण दिवसांच्या बाळाची वार अंदाजे अर्धा किलोची असते, ताटलीएवढी गोल, एका बाजूने आईला चिकटलेली आणि दुसऱ्या बाजूने नाळेने बाळाला जोडलेली. गर्भ रुजला की वारेच्या काही पेशी आईच्या गर्भाशयाच्या भिंतीत शिरतात, तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांपर्यंत पोहोचतात आणि त्यांच्या भिंती मोडून त्या रुंद करतात. शेतात पाणी यावे म्हणून पाट मोठा करावा तसे. बाळाला पुढे लागणारे रक्त या रुंद झालेल्या वाहिन्यांतून येते. हे काम पहिल्या वीस आठवड्यांत उरकते. ते नीट झाले नाही तर बाळाची वाढ खुंटते, आईचा रक्तदाब चढतो, पावलांवर आणि तोंडावर सूज येते आणि वेळीच लक्ष दिले नाही तर झटके येतात.

माझी मावशी अशीच गेली. पावसाळ्याचे दिवस, तळ्याहून माणगावचा रस्ता तेव्हा आजच्यासारखा नव्हता. डोलीतून नेताना वाटेत झटके आले. घरात पुढे कितीतरी वर्षे 'बाहेरचं काहीतरी झालं' असेच सांगत. बारावीला जीवशास्त्र शिकताना एका पानावर मला तिच्या मरणाचे खरे कारण सापडले. तेव्हापासून हा विषय माझ्यासाठी धडा राहिला नाही.

तर ही मुलगी त्या पेशी आईच्या भिंतीत शिरतात कशा आणि थांबतात कशा, हे शोधत होती. त्यासाठी ताजी वार लागते. बाळंतपण काही घड्याळ बघून होत नाही. बाईची परवानगी आधी लिहून घेतलेली असते; रात्री दोनला फोन येतो, की ही बर्फाची पेटी घेऊन प्रसूतिगृहाच्या दाराशी उभी. वार हातात आली की मिनिटे मोजायची. उशीर झाला तर पेशींतले नाजूक रेणू मोडतात आणि नमुना वाया जातो. तिथेच थंड क्षारद्रावणात धुऊन, कात्रीने मेथीच्या दाण्याएवढे तुकडे करून, काही द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर ठेवायचे, काही पेशी वेगळ्या करायला न्यायचे. नमुन्याच्या डबीवर नाव लिहीत नाहीत, क्रमांक लिहितात. तिने मला सांगितले होते, "बाई, एका रात्री पेटी घेऊन उभी होते आणि आतून रडण्याचा आवाज आला. बाळाचा नव्हता. मी पेटी तशीच घेऊन परत आले. त्या बाईकडे वार मागायची माझी हिंमत झाली नाही." मी या मुलीला सातवीपासून ओळखते, पण ती शास्त्रज्ञ झाली आहे हे मला त्या वाक्याने कळले.

असे चार-पाच वर्षे केल्यावर एक दहा मिनिटांचे भाषण होते. आणि ते ऐकून कुणी म्हणते, हे काम चांगले आहे. त्या म्हणण्याची किंमत काय असते, हे न म्हटल्याने काय होते त्यावरून कळते.

२५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये लुईस ब्राउन जन्मली, शरीराबाहेर फलन होऊन जन्मलेले जगातले पहिले मूल. त्यानंतर जेमतेम सव्वादोन महिन्यांनी, ३ ऑक्टोबरला, कोलकात्यात दुर्गा जन्मली. डॉ. सुभाष मुखोपाध्याय आणि त्यांचे दोन सहकारी, सुनीत मुखर्जी व सरोजकांती भट्टाचार्य, यांनी तुटपुंज्या साधनांवर हे घडवले होते. मुखोपाध्यायांनी संप्रेरके देऊन एकाहून अधिक बीजे मिळवली, फलन झालेला गर्भ गोठवून ५३ दिवस ठेवला आणि पुढच्या एका नैसर्गिक पाळीत आईच्या गर्भाशयात सोडला. इंग्लंडच्या चमूने लुईसच्या वेळी यातले काही केले नव्हते. आज जगभरच्या वंध्यत्व केंद्रांत या दोन्ही गोष्टी नेहमीच्या झाल्या आहेत. पण तेव्हा राज्य सरकारने चौकशी समिती नेमली. तिचे प्रमुख रेडिओ-भौतिकीचे तज्ज्ञ होते. समितीला काही पटले नाही. जपानमधून व्याख्यानाचे निमंत्रण आले, जायची परवानगी मिळाली नाही. १९८१ साली त्यांची बदली नेत्रविज्ञानाच्या संस्थेत झाली. १९ जून १९८१ ला त्यांनी आपले आयुष्य संपवले. वय ५०.

यातली पुढची गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण ती परळची आहे. ६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएममध्ये हर्षा चावडा जन्मली. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि प्रजनन संशोधन संस्थेचे संचालक डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या चमूचे हे यश. सगळ्या नोंदी व्यवस्थित ठेवलेल्या, त्यामुळे भारतातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून तिचीच नोंद झाली. डॉ. हिंदुजांना पुढच्याच वर्षी पुरस्कार मिळाले, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि ते योग्यच झाले. पण १९९७ मध्ये आनंदकुमार कोलकात्याला गेले असताना मुखोपाध्यायांची हस्तलिखित टिपणे त्यांच्या हातात पडली. त्यांनी ती बसून वाचली. आणि मग 'करंट सायन्स' या नियतकालिकात स्वतःच्या नावाने लिहिले की भारतातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीचे शिल्पकार सुभाष मुखोपाध्याय आहेत. आपल्या डोक्यावरचा पहिलेपणाचा मुकुट आपल्या हाताने काढून दुसऱ्याच्या तसबिरीवर ठेवणारा माणूस मी तरी दुसरा वाचलेला नाही. विज्ञानातल्या सचोटीचा धडा कुणाला शिकवायचा असेल तर तो इथून शिकवावा. पण सोळा वर्षे उशीर झाला होता. मुखोपाध्यायांच्या हातात एखादा छोटा पुरस्कार, चार तज्ज्ञांनी 'आम्ही हे काम पाहिले आणि ते खरे आहे' असे म्हटल्याचा एखादा कागद, १९७८ साली असता तर समितीपुढे ते इतके एकटे उभे राहिले नसते.

आणि हे फक्त आपल्याकडे होते असे नाही. लुईस ब्राउनच्या जन्मामागे तीन माणसे होती: रॉबर्ट एडवर्ड्स, पॅट्रिक स्टेप्टो आणि जीन पर्डी. १९७१ साली ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांना पैसे नाकारले होते. एडवर्ड्सना नोबेल मिळाले ते २०१० साली, वयाच्या ८५ व्या वर्षी. स्टेप्टो १९८८ मध्येच वारले होते. जीन पर्डी परिचारिका होती, पुढे प्रयोगशाळेत गर्भ सांभाळण्याचे काम तिच्याकडे आले. ज्या गर्भातून लुईस झाली त्याच्या पेशींचे विभाजन सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा पाहणारी तीच. १९८५ मध्ये ३९ व्या वर्षी ती गेली. हे काम जिथे चालले त्या ओल्डहॅमच्या रुग्णालयात स्मृतिफलक लावायचा ठरला तेव्हा एडवर्ड्सनी पत्रे लिहून बजावले होते की तिचे नाव आमच्या बरोबरीने हवे. तरीही फलकावर ते नव्हते. आणखी एक नाव सांगते, बॅरी बॅव्हिस्टर. केंब्रिजमधला संशोधक विद्यार्थी. हॅमस्टरची बीजे आणि शुक्रजंतू बाहेर जगवण्यासाठी त्याने एक द्रावण तयार केले होते. १९६९ मध्ये मानवी बीजाचे शरीराबाहेर फलन झाल्याचा पहिला पक्का पुरावा मिळाला तो त्याच द्रावणात. एडवर्ड्स वर्षानुवर्षे जिथे अडले होते, तिथे एका पीएचडीच्या पोराने वाट काढली. तरुणांना पुरस्कार का द्यायचे, असे कुणी विचारले तर मी त्याला हे सांगेन.

आता आपल्याकडच्या पुरस्कारांविषयी. तपशील आतल्या लेखांत आहेत, मी चौकट तेवढी सांगते. इंग्लंडमध्ये १९५० साली आणि अमेरिकेत १९६७ साली प्रजननाच्या अभ्यासकांच्या संस्था स्थापन झाल्या आणि दोन्ही नवोदितांसाठी पुरस्कार देतात. भारतात इंडियन सोसायटी फॉर द स्टडी ऑफ रिप्रॉडक्शन अँड फर्टिलिटी ही संस्था हे काम करते. तिच्या पुरस्कारांपैकी एकाला लाभसेटवार हे आपल्या विदर्भातले आडनाव आहे, हे वाचून मला बरे वाटले. आडनावांचा विषय निघालाच आहे तर गोव्याच्या शिरोड्याचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांचेही घेते. गर्भाशयाचे तोंड अवेळी उघडून गर्भ पडू नये म्हणून घालायचा त्यांचा टाका १९५५ पासून जगभरच्या प्रसूतिगृहांत 'शिरोडकर टाका' म्हणूनच ओळखला जातो.

विषयाच्या या पुरस्कारांखेरीज सर्व शास्त्रांसाठी खुले असलेलेही आहेत. भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे तरुण शास्त्रज्ञांसाठीचे पदक १९७४ पासून दिले जाऊ लागले. शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार १९५८ पासून दिला जात असे, वयाची अट ४५. अशा पुरस्कारांत प्रजननशास्त्राला वेगळा कप्पा नाही. वारेवर काम करणारीला कर्करोगावर, क्षयावर, मेंदूवर काम करणाऱ्यांशी एकाच रांगेत उभे राहावे लागते. परीक्षकांच्या टेबलावर कर्करोग भारदस्त वाटतो आणि वार मागे पडते, असे मला नेहमी वाटत आले आहे.

वयाच्या अटीबद्दल मला तक्रार आहे आणि ती मी स्पष्ट लिहिते. पीएचडी हातात येते अठ्ठावीस-तिसाव्या वर्षी. पुढची पाच-सात वर्षे स्वतःचे काम उभे करण्याची. नेमक्या त्याच वर्षांत मुलीचे लग्न, पहिले मूल, कधी दुसरे. वयाची रेघ सगळ्यांना सारखी दिसते, पण मुलाच्या आणि मुलीच्या हातात तिच्या अलीकडची वर्षे सारखी नसतात. भटनागर पुरस्काराच्या २०२२ पर्यंतच्या यादीत स्त्रियांचे प्रमाण शंभरात पाचसुद्धा नव्हते. जे शास्त्र गर्भारपणाचा अभ्यास करते, त्या शास्त्रातल्या मुलीने गर्भारपणामुळे पुरस्काराची रेघ ओलांडावी, ही गोष्ट मला सहन होत नाही. जन्मलेल्या प्रत्येक मुलामागे अटीत दोन वर्षे वाढवून द्यायला पुरस्कार देणाऱ्यांना काहीही खर्च येत नाही.

त्यातच २०२२ च्या सप्टेंबरात केंद्र सरकारने विज्ञान खात्यांच्या पुरस्कारांचा आढावा घेतला आणि त्यांतले बहुतेक बंद करायचे ठरवले. पुरस्कार फार झाले, त्यांची किंमत राहिली नाही, असा युक्तिवाद होता. तो अगदीच चुकीचा नव्हता. २०२३ मध्ये त्या जागी राष्ट्रीय विज्ञान पुरस्कार आले. २२ ऑगस्ट २०२४ ला राष्ट्रपती भवनात ते पहिल्यांदा दिले गेले: एकूण ३३, त्यांतले १८ 'विज्ञान युवा' म्हणजे ४५ च्या आतल्यांसाठी. ज्यांना मिळाले त्यांचे कौतुकच आहे. पण देशभरातल्या सगळ्या शास्त्रांत मिळून अठरा. मला ज्या मुलीची काळजी आहे ती एकोणतीस वर्षांची आहे. तिला राष्ट्रपती भवन नको. तिला पुढची फेलोशिप मिळेपर्यंतची दोन वर्षे टिकून राहायला एक आधार हवा, घरी दाखवायला एक कागद हवा, मुलाखतीत 'तुमचे काम कुणी पाहिले आहे का' या प्रश्नाला एक उत्तर हवे. हे काम छोटे पुरस्कार करतात. त्यांची रक्कम बहुधा एखाद्या यंत्राचा सुटा भागही येणार नाही इतकी असते. तरीही ते बंद पडू देऊ नयेत. निदान अभ्यासकांच्या संस्थांचे, विद्यापीठांचे, माणसांनी आपल्या आईवडिलांच्या स्मरणार्थ ठेवलेले, असे जे उरले आहेत ते तरी जपावेत.

एवढे सगळे मुंबई-दिल्लीचे, त्यात तळ्याच्या पोरांचा काय संबंध, असे एका पालकांनी मला विचारले होते. त्यांना मी जिताडा या माशाचे उदाहरण दिले, ते इथे पुन्हा देते. रायगडात जिताडा ठाऊक नाही असे घर नसेल. आपल्या राजपुरीच्या खाडीसारख्या निमखाऱ्या पाण्यात तो वाढतो. बाजारात मोठा जिताडा आला की बायका पोट बघतात, अंड्यांची गाबोळी आहे का. लहान जिताड्यात गाबोळी कधीच का सापडत नाही, हे मात्र कुणी विचारत नाही. कारण जिताडा आधी नर असतो. काही वर्षे नर म्हणून काढल्यावर, मोठा झाला की त्याच्या शरीरातली वृषणे जाऊन तिथे अंडाशय तयार होते आणि तोच मासा मादी होतो. म्हणून मोठे जिताडे बहुतेक माद्या असतात. आणि म्हणूनच खाडीतले मोठे जिताडे सरसकट मारले तर मुख्यतः माद्याच कमी होतात. हे प्रजननशास्त्रच आहे, आणि ते आपल्या ताटात येते. संप्रेरकांचा कोणता इशारा मिळाला की हा बदल सुरू होतो, यावर जगभर काम चालू आहे. ते काम खाडीकाठच्या एखाद्या कोळ्याच्या मुलीने करावे, अशी माझी फार इच्छा आहे. तिला मासा ओळखायला शिकवावे लागणार नाही.

गाबोळीचा हा प्रश्न मी वर्गात टाकत असे. त्या दिवशी प्रजननाच्या धड्याला कुणी मान खाली घालत नसे. आधीची दोन-तीन वर्षे मीही 'हा धडा घरी वाचा' म्हणून पुढे गेले होते, ही माझी चूक होती, आणि त्या वर्षांतल्या मुलांचे मी काही देणे लागते.

तळ्यातल्या वाचकांना आणखी एक गोष्ट सांगायची आहे. आपल्याच तालुक्यात राजपुरीच्या खाडीवर कुड्याची लेणी आहेत. शाळेची सहल नेली की मुले हत्ती बघतात, खाडी बघतात आणि डबे उघडतात. पण तिथल्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत लेख आहेत, सुमारे अठराशे वर्षांपूर्वीचे. लेणी खोदायला कुणी दान दिले ते त्यांत कोरले आहे. राजघराण्यातली माणसे आहेत, तसा एक माळी आहे, कऱ्हाडचा एक लोखंडाचा व्यापारी आहे. आणि एक वैद्य आहे, सोमदेव. त्याच्या लेखात तो वैद्य असल्याचे लिहिले आहे, त्याचा बापही वैद्य असल्याचे लिहिले आहे, आणि त्याच्या मुलग्यांबरोबर मुलींचीही नावे आहेत. प्रत्येकाचे नाव आणि त्याचा धंदा, स्पष्ट, दगडात. धंदा सांगायला तिथे कुणी लाजलेले नाही.

ही प्रस्तावना लिहून होत असताना त्या मुलीचा फोन आला होता. तिचा प्रबंध मान्य झाला. आता ती पुढच्या कामासाठी अर्ज करते आहे आणि त्या अर्जात दहा मिनिटांच्या त्या भाषणाला मिळालेल्या पुरस्काराची ओळ सगळ्यात वर आहे. आईने विचारले म्हणे, की गावात पुन्हा फ्लेक्स लावायचा का.

तो लागेल तेव्हा छापणाऱ्याला आणि लावणाऱ्यांना माझी विनंती आहे. फोटो थोडा लहान चालेल, शुभेच्छुकांची चार नावे कमी चालतील. तिच्या नावाखाली 'प्रजननशास्त्र' हा शब्द लिहा, एसटीच्या खिडकीतून वाचता येईल एवढ्या अक्षरांत.